बर्फमामांची खिंड

बर्फमामा सकाळी भेटले, की रामराम घालायच्या आधी समोरच्याच्या नाकाला बोट लावायचे. बोटाची मागची, नखाकडची बाजू. नाकाच्या शेंड्याला हलकेच टेकवायचे, मान हलवायचे आणि मगच बोलायला सुरुवात करायचे. आम्हा पोरांच्या नाकांचं तर काही नव्हतंच, पण एकदा भर चावडीत त्यांनी पाटलांच्या नाकाला बोट लावलं. पाटील लालेलाल झाले. बसलेली माणसं श्वास रोखून बघत राहिली. मामांनी मान हलवली, म्हणाले, "गरम हाय. काळजी न्हाई," आणि पाय ओढत निघून गेले.

नाक गार पडलं की माणूस हातचा जायला लागला, असं त्यांचं म्हणणं होतं. "उत्तरंला आमी उठल्याबरुबर एकमेकांची नाकं बघायचो. मंग चुलीकडं," असं ते सांगायचे. वैशाखाच्या उन्हात, कावळेसुद्धा चोच उघडून बसायचे तेव्हा, यांच्या डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी असायची. त्यांच्या डाव्या पायाला अंगठा आणि शेजारची बोटं नव्हती. आम्ही विचारलं, "मामा, बोटं कुटं गेली?" तर म्हणायचे, "तिकडंच ऱ्हायली. बर्फाला दिली."

बर्फ हा शब्द आमच्या गावात त्यांनीच आणला. आम्हाला गारा ठाऊक होत्या. "गारा पडत्यात आन इरघळत्यात," मामा म्हणायचे. "बर्फ पडतो आन बसतो. सोयऱ्याच्या घरी पाव्हणा बसल्यावानी. उठतच न्हाई." त्यांचं खरं नाव होतं काहीतरी, पण ते त्यांची आई गेल्यावर कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

आमचं गाव केजच्या बाजूला, युसूफ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाटेवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मामा तरुणपणी कुठल्याशा मोजणीच्या साहेबाबरोबर तंबू ठोकायच्या कामाला लागले आणि पार हिमालयाच्या डोंगरात जाऊन आले. जाताना धाकट्या भावाला बरोबर घेऊन गेले होते. आले ते एकटेच. भावाचं काय झालं हे त्यांनी आईला सांगितलं असेल. गावाला नाही सांगितलं. गावानेही विचारलं नाही. आल्यावर देशमुखांनी त्यांना आपल्या कापसाच्या कोठारावर राखणदार ठेवलं.

ते कोठार म्हणजे गावाबाहेरची दगडी भिंतींची लांबलचक इमारत. एका टोकाला दार. दुसऱ्या टोकाच्या भिंतीत, छताच्या जवळ, एक चौकोनी झरोका. बाहेरून त्याला टेकून मातीचा उंच ओटा केलेला. कापसाची गाडी ओट्यावर चढवायची आणि झरोक्यातून कापूस आत लोटायचा. पौष लागेपर्यंत आत कापसाचा डोंगर व्हायचा. झरोक्याकडे उंच आणि दाराकडे उतरता.

आम्ही तिथे कसे गेलो तेही सांगते. वेचणीच्या दिवसांत बायका लहान पोरांना रानात घेऊन जायच्या, बांधावर झोळी बांधून ठेवायच्या. एका हिवाळ्यात शेजारच्या गावच्या रानात बांधावरचं पोर लांडग्याने नेलं. मग बायका पोरांना रानात न्यायला तयार होईनात, आणि घरी सोडून वेचणीला जायलाही तयार होईनात. देशमुखांचा कापूस झाडावर लोंबायला लागला. तेव्हा बर्फमामा मालकांपुढे जाऊन उभे राहिले.

"पोरं माझ्याकडं द्या. कोठारात सांभाळतो."

"कापूस घाण करतील," मालक म्हणाले.

"तुडवतील. तुडवायला गडी लावताच की. पोरं फुकट तुडवतील."

कोठारात जास्त माल बसावा म्हणून कापूस तुडवावा लागतो, हे खरंच होतं. मालक हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पंधरा-वीस पोरं कोठारात. मी सात वर्षांची असेन. माझा भाऊ दगडू चार वर्षांचा. सगळ्यांत मोठी गोदा, नऊ-दहा वर्षांची, काटक, बोलायला कमी.

मामांनी आत एकच कायदा केला. आग आत येणार नाही. बाहेर दाराजवळ एक दगड होता, त्यावर येणाऱ्याने आपली चकमक, चिलीम, जे असेल ते काढून ठेवायचं. गडीमाणसं ठेवायची. मालक स्वतः यायचे तेही विडी दगडावर ठेवायचे. एकटे मालकांचे मेहुणे ऐकायचे नाहीत. ते बहिणीच्या घरी राहायला आले ते राहिलेच होते. कापसाचा हिशेब आपण बघतो असं म्हणत गावभर फिरायचे. त्यांना खोकला होता. दोनदा कोरडा, मग एक लांब ओढलेला, आणि शेवटी "हरी हरी". गल्लीच्या तोंडाशी ते खोकले, की आतल्या घरात बायका पदर सावरायच्या. मामा त्यांना दारात अडवायचे, ते मामांना ढकलून आत यायचे. "मला शिकवतो का बे?" म्हणायचे. चिलीम हातात असली तर मामा त्यांच्या मागे मागे फिरायचे, दोन्ही हात त्यांच्या चिलमीखाली धरून. ठिणगी पडली तर हातावर पडावी म्हणून.

मामांनी आम्हाला जे खेळ शिकवले ते मी पुढे कुठेच पाहिले नाहीत. सगळे थंडीचे. बाहेर पौषाचा वारा सुटलेला असायचा, आमच्या अंगावर एकेक फाटका कपडा, आणि आत पांढराधोट कापूस. मामा म्हणायचे, ह्यो बर्फ.

एक खेळ 'तंबू'. मामांची मोठी घोंगडी पसरायची आणि सगळ्यांनी तिच्याखाली दाटीवाटीने बसायचं. मधल्या पोराला सगळ्यांत ऊब. मामा टाळी वाजवायचे, की मधल्याने उठून कडेला जायचं आणि कडेच्याने मध्ये यायचं. कुणी मधलं पोर हटेना झालं, तर मामा त्याचा कान धरायचे. "मधली जागा कुणाच्या बापाची न्हाई. तिकडं साहेबसुदिक कडंला बसायचा." दुसरा खेळ 'गोठलं'. मामा ओरडले "गोठलं!" की सगळ्यांनी जिथे असू तिथे डोळे मिटून दगड व्हायचं. मामासुद्धा डोळे मिटायचे आणि कोण हललं ते नुसत्या कानाने ओळखायचे. एवढी पोरं आत असून कापसावर वाऱ्याचा आवाज ऐकू यायचा.

आणि तिसरा 'खिंड'. तो आम्हाला सगळ्यांत आवडायचा आणि त्याचीच भीतीही वाटायची. मामा पुढे, त्यांच्या मागे सगळ्यांत लहान, मग चढत्या वयाने सगळे, शेवटी गोदा. सगळ्यांच्या हातात एक दोर. डोळे मिटून कापसाचा डोंगर चढायचा. मामा पुढून ओरडायचे, "किती हाय रं बर्फ?"

"गुडघ्याएवढा!"

"आता?"

"कमरंएवढा!"

"आता?"

"गळ्याएवढा!"

"दोर?"

"हातात!"

दोर सुटला तर शोधायचा नाही. जागीच बसायचं आणि आपलं नाव ओरडायचं. नाव ऐकू आलं की अख्खी रांग थांबायची आणि मामा मागे यायचे. ते येताना गंमत करायचे नाहीत. कपाळावर घाम असायचा त्यांच्या. खेळ आमचा होता, त्यांचा नव्हता, हे तेव्हा कळत नव्हतं.

ते कळलं सख्यामुळे. सख्या म्हणून एक दांडगं पोर होतं. एके दिवशी त्याने डोंगराच्या वरून कापसात डोक्याकडून उडी मारली. मऊ कापूस, तो आत गेला आणि वरून कापूस ढासळला. नुसते पाय दिसत होते, तेही दिसेनासे झाले. आम्ही हसत होतो. मामा धावत सुटले. मी म्हाताऱ्या माणसाला असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी कापूस उपसला, सख्याला बाहेर ओढला, त्याच्या नाकाला बोट लावलं आणि मग त्याच्या थोबाडीत अशी मारली, की त्याच्या ओठातून रक्त आलं. मारून झाल्यावर मामा तिथेच कापसात खाली बसले.

संध्याकाळी सख्याचा बाप आला. गाडीवान होता, अंगाने आडवा. हातात चाबूक. आमच्या आया आम्हाला न्यायला आलेल्या, त्या दारातच थबकल्या.

"माझ्या पोराला कावून मारलंस?"

मामा उभे राहिले. "चुकलं. मार."

"कावून मारलंस ते सांग आधी!"

मामांनी खाली बघितलं. चाबकाची दोरी जमिनीवर लोळत होती. मग ते म्हणाले, "माझा धाकटा माझ्या मागं होता. खिंड चढत हुतो. वारा असा, की डोळे उघडले तरी पांढरं, मिटले तरी पांढरं. मी पुढं. दोर दोघांच्या हातात. मला दोराला वजन लागत हुतं, म्हून म्या म्हणलं हाय मागं. वर गेलतो तवा वळून बघितलं, तर दोराचं नुसतं टोक. त्यावर बर्फ बसलेला. वजन बर्फाचं हुतं." ते थांबले. "मागं गेलो. हातांनी उकरलं. कुटं उकरायचं? समदं एकसारखंच. साहेबानं मला ओढून नेलं. आज तुझ्या पोराचे पाय दिसंनात, आन मला त्योच दिसला. मारायला नको हुतं. मार मला."

सख्याच्या बापाने चाबूक गुंडाळला. सख्याचं बकोट धरून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोठारावर आला आणि विहिरीच्या मोटेचा एक जुना, अंगठ्याएवढा जाड नाडा मामांपुढे टाकला. "तुमचा दोर कुजलाय," म्हणाला. "ह्यो घ्या."

पुढे संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. कापूस पार झरोक्याला टेकला होता. दुपार कलली होती, वारा उलटसुलट होता. आम्ही 'गोठलं' खेळत होतो, डोंगराच्या मधल्या उतारावर, दगडू सगळ्यांत खालच्या बाजूला. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मामांचेही. दार वाजलं. वाऱ्याच्या आवाजात मला एवढंच कळलं, की कुणीतरी आत आलं, दाराजवळच थांबलं. मी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले की बाद. थोड्या वेळाने ते माणूस निघून गेलं. मामा म्हणाले, "कोण आलतं?" आणि त्यांनी डोळे उघडले असावेत, कारण त्यांचा पुढचा श्वास मला ऐकू आला.

मी डोळे उघडले. दाराशी धूर होता. जाळ दिसत नव्हता आधी. मग कापसाच्या वरच्या भुरभुऱ्या तंतूंवरून एक निळसर रेघ पळाली, उंदीर पळावा तशी, आणि तिच्यामागून पिवळा जाळ उठला. दार त्याच्या पलीकडे गेलं.

मामांनी "आग" हा शब्द उच्चारला नाही. ते रोजच्याच आवाजात म्हणाले, "खिंड."

आम्ही रोजच्यासारखे दोराकडे पळालो. दगडू मामांच्या मागे जाऊन उभा राहिला, कारण त्याची जागा तिथे होती. मामांनी त्याला उचलून माझ्यापुढे ठेवलं.

"गोदे, तू पुढं."

"पुढं तुमी असता, मामा."

"आज मी मागं. वर झरोका हाय, तिकडं चढायचं. हाताला भिंत लागली की भाईर उडी टाकायची. वट्टा हाय खाली. डोळे मिटा समदी. तोंडाला कापड."

गोदाने एकदा दाराकडे बघितलं. मग तिने दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि चढायला लागली.

मागून मामांचा आवाज आला, "किती हाय रं बर्फ?"

कुणी बोलेना.

"किती हाय रं बर्फ!"

"गुडघ्याएवढा!" सख्या रडत रडत ओरडला. मग आम्ही सगळेच ओरडायला लागलो. पाय कापसात रुतत होते, एक पाऊल वर गेलं की अर्धं खाली. पाठीला ऊन लागावं तशी ऊब लागत होती आणि ती वाढत होती. धूर नाकात गेला की डोकं फिरायचं. पुढून गोदा ओढत होती. दोर ताणलेला होता, माझ्यापुढे दगडूच्या मुठी होत्या, आणि मग त्या नव्हत्या.

"दगडूऽऽ!" खालून आवाज आला. तो स्वतःचंच नाव ओरडत होता. त्याचा हात सुटला होता, तो घसरत खाली गेला होता, आणि शिकवल्याप्रमाणे जागीच बसून नाव ओरडत होता.

नाव ऐकताच गोदा थांबली. रांग थांबली. खेळात तेच करायचं असतं.

"थांबायचं न्हाई!" मामा ओरडले. "आज थांबायचं न्हाई! गोदे, ओढ!"

मी वळायला गेले. मागच्या पोराने मला पुढे ढकललं. मला दोर सोडायचा होता आणि हात सुटत नव्हता. दोर खालच्या बाजूने एकदम हलका झाला. मामांनी दोर सोडला होता. वर उजेडाचा एक चौकोन दिसला, गोदाचे हात दिसले, तिने माझं मनगट धरून मला बाहेर फेकलं. ओट्याच्या मातीवर पडले तेव्हा गुडघे फुटले. माझ्या मागून एकेक पोर पडत होतं. गोदा झरोक्यात आडवी पडून हात आत घालत होती.

आतून अजून ऐकू येत होतं. "दगडू... दगडू..." मग खोकला. मग काहीच नाही.

तेवढ्यात रानातून बायका धावत आल्या. धूर बघून निघाल्या होत्या. पदराच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच होता, पळताना सांडत होता. माझी आई ओट्यावर चढली. तिने पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. ती झरोक्याकडे झेपावली, गोदाने तिला दोन्ही हातांनी अडवलं.

झरोक्यातून आता धूर एखाद्या धुराड्यासारखा येत होता. त्या धुरातून आधी दगडू आला. पाय पुढे, कुणीतरी खालून लोटल्यासारखा. आईने त्याला ओढला. मग एक हात आला, कातडी सोललेला. गाडी टाकून धावत आलेल्या सख्याच्या बापाने तो हात मनगटाच्या वर धरला आणि मामांना बाहेर खेचलं. टोपी जळाली होती, भुवया जळाल्या होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. ओट्यावर बसल्या बसल्या ते गुडघ्यांवर सरकत एकेका पोराजवळ गेले आणि त्या सोललेल्या बोटाने एकेकाचं नाक बघितलं. दगडूच्या नाकाला बोट लावून ते तसेच बसून राहिले.

तोवर मालकांची माणसं आली. कारभाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "राखणदार तू. पोरं गारठली म्हून शेकोटी केलीस न्हवं आत?"

मामांनी मान हलवली. नाही.

"मग आग कुणी लावली बे?"

घोगऱ्या आवाजात मामा म्हणाले, "डोळे मिटले हुते. बघितलं न्हाई."

त्यांना उठवलं आणि चावडीत नेऊन बसवलं. केजहून पोलिसांचे अमीनसाहेब येईपर्यंत हलायचं नाही म्हणाले. हातांना कुणी तेल लावू दिलं नाही. शेवटी पाटलांच्या बायकोने स्वतः कोरफडीचा गर नेऊन लावला, आणि तिला कुणी अडवू शकलं नाही.

दिवेलागणीला कारभारी आमच्या आळीत फिरला. दाराबाहेर उभा राहूनच बोलला, "म्हाताऱ्यानं शेकोटी केलती, एवढंच सांगायचं. न्हाईतर उद्यापासून वेचणीला येऊ नका." आई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली. तो गेल्यावर तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "उद्या काय बी बोलायचं न्हाई. गप ऱ्हायचं. तुझ्या बापाला जाऊन दीड वरीस झालं. वेचणी गेली तर खायचं काय?" दगडू झोपला होता. त्याला तिने काही सांगितलं नाही. चार वर्षांच्या पोराला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब घोड्यावरून आले. मध्यम वयाचा, शांत डोळ्यांचा माणूस. मालक शेजारी बसले होते, त्यांच्यामागे मेहुणे उभे होते. बायका चावडीच्या भिंतीपलीकडे. कारभाऱ्याने शेकोटीची हकिगत सांगितली. अमीनसाहेबांनी मामांना विचारलं, "तुम कुछ बोलते?"

"आग म्या लावली न्हाई, हुजूर."

"फिर कौन?"

"बघितलं न्हाई."

"किस पे शक है?"

मामांनी मेहुण्यांकडे बघितलं. अख्ख्या चावडीने बघितलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते, निदान बोलल्याचं समाधान तरी मिळालं असतं. "बघितलं न्हाई," मामा पुन्हा म्हणाले. "डोळे मिटले हुते. न बघितलेलं कसं सांगू?"

अमीनसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बच्चों को लाओ."

आम्हाला रांगेत उभं केलं. मोठ्यांना विचारलं, शेकोटी होती का? सख्या खाली बघत राहिला. त्याचा बाप मालकांच्याच गाड्या हाकायचा. मी भिंतीवरून दिसणाऱ्या आईच्या कपाळाकडे बघत राहिले. गोदा म्हणाली, "शेकोटी न्हवती." कारभारी गुरकावला, "मग आग आभाळातून पडली का गं?" गोदा मागे सरली.

अमीनसाहेब उठले आणि सगळ्यांत लहान पोरापाशी येऊन उकिडवे बसले. दगडूपाशी. त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, "तू डोळे मिटला?"

"मिटले," दगडू म्हणाला. "उघडले तर बाद."

"शाबास. मग कान तर उघडा होता. काय ऐकला?"

"दार."

"फिर?"

दगडूने विचार केला. मग त्याने छाती पुढे काढली आणि खोकला. दोनदा कोरडा. मग एक लांब ओढलेला. आणि शेवटी म्हणाला, "हरी हरी."

चावडीत कुणी हललं नाही. भिंतीपलीकडे एका बाईच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, तेवढ्याही ऐकू आल्या. दगडू खूश होऊन माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं त्याने नक्कल छान केली.

"किसकी खाँसी है ये?" अमीनसाहेबांनी विचारलं. उठून त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. पाटलांनी नजर खाली घातली. कारभारी जमिनीकडे बघायला लागला. मेहुण्यांचा चेहरा सुजल्यासारखा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्यांना खोकला आला होता आणि ते तो दाबून धरत होते.

"मालकांच्या मेव्हण्यांची."

आवाज माझ्या आईचा होता. ती भिंतीला वळसा घालून आत आली होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. "सायेब, त्येंचीच हाय. ते आत चिलीम घेऊन जात्यात. समद्यांला ठावं हाय."

"व्हय," बाहेरून गोदाची आई म्हणाली. "त्येंचीच." मग दुसरी. मग सख्याचा बाप पुढे आला आणि मालकांच्या समोर उभा राहून म्हणाला, "मालक, गाडीवर ठिवा न ठिवा. पण खोटं बोलवत न्हाई."

मेहुणे झटक्याने वळले आणि बाहेर गेले. चावडीच्या मागच्या भिंतीआडून तो खोकला आला. दोनदा कोरडा, मग तो लांब. शेवटचं "हरी हरी" आलं नाही.

मालकांना माणूस म्हणून मी दोष देत नाही. वर्षाचा कापूस गेला होता, आणि घरच्याच माणसाने घालवला होता. शेवटी मालक म्हणाले, "अमीनसाहेब, आमची तक्रार न्हाई." अमीनसाहेबांनी मामांकडे बघून हात हलवला, जा. घोड्यावर बसताना त्यांनी दगडूच्या डोक्यावर टपली मारली.

मामांची राखणदारी गेली. राखायला काही उरलंही नव्हतं. वेचणी मात्र कुणाची गेली नाही, कारण रानात अजून कापूस होता आणि तो वेचायला बायकांशिवाय कुणी नव्हतं.

मी लग्न होऊन धारूरला गेले तेव्हा मामा होते. त्यांचा आवाज तसाच फाटका राहिला होता. ते गेल्याचं मला कितीतरी दिवसांनी कळलं. पण मला ते आठवतात ते चावडीनंतरच्या सकाळचे.

मामांची खोपी गावाच्या टोकाला, लहानशी होती. सकाळी वेचणीला निघालेल्या बायका आम्हाला घेऊन तिथे गेल्या. आधी कुणी कुणाशी ठरवलेलं नव्हतं. मामा दारात आले. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली, भुवया नसलेला तो चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

"न्हाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. दुसरं कुणी बघा. हात बघा माझे. दोर बी धरता येत न्हाई."

आईने दगडूला कडेवरून खाली ठेवलं, त्याची पाठ थोपटली आणि रानाच्या वाटेला लागली. गोदाची आई निघाली. मागोमाग सगळ्याच.

"अगं, ऐका तरी!" मामा ओरडले. आवाज फुटला, अर्धा घशातच राहिला. "परवा मरता मरता वाचली पोरं! ऐका!"

एकही बाई थांबली नाही. आईने फक्त एकदा मागे बघितलं, डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि बांधाआड गेली.

मामा उंबऱ्यावर बसले. फडकी गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून ते रडायला लागले. मोठं माणूस रडताना काय करायचं हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही गारठ्यात उभे राहिलो. गोदाने सगळ्यांना रांगेत उभं केलं, उगाचच. शेवटी दगडू पुढे झाला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, आज काय खेळायचं?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. बाह्यांनी तोंड पुसलं. पूर्वेकडे रानावर नुकतं ऊन येत होतं, खोपीच्या भिंतीवर त्याचा एक पट्टा पडला होता.

"आज," ते म्हणाले, "आज ऊन खायचं."

मग आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसलो.